नाव नसलेला मुलगा

१७७३ सालच्या ऑगस्ट महिन्यात फ्रान्सच्या उत्तर भागातील क्युव्हिली गावाजवळ, हमरस्त्यावर एक मुलगा सापडला. वय साधारण दहा-बारा वर्षे, अंगावर चिंध्या. लोकांनी नाव विचारले, गाव विचारले. उत्तर आले नाही. मुलाला ऐकू येत नव्हते आणि बोलताही येत नव्हते.

त्याची रवानगी पॅरिसजवळच्या बिसेत्र येथे झाली. निराधार, म्हातारे, वेडे ठरवलेले लोक आणि कैदी हे सगळे तेथे एकाच आवारात ठेवले जात. मुलाच्या डोक्यावर छप्पर आले. पण छप्पर म्हणजे घर नव्हे. दोन वर्षांनी तो आजारी पडला, म्हणून त्याला ओतेल-द्यू या रुग्णालयात हलवले. तेथे १७७५ मध्ये त्याची गाठ शार्ल-मिशेल द लेपे या धर्मगुरूशी पडली.

लेपे (१७१२–१७८९) त्या काळी पॅरिसमध्ये आपल्या राहत्या घरी बहिऱ्या मुलांना फुकट शिकवत असत. त्यापूर्वीही युरोपात अशा मुलांना शिकवणारे होते. मात्र ते बहुधा श्रीमंतांची एक-दोन मुले घेत, उच्चार घोटवून घेत आणि आपली पद्धत गुप्त ठेवत. लेपेंनी वर्ग सर्वांना खुला ठेवला. हातवाऱ्यांतून अर्थ पोचू शकतो, मग त्याच वाटेने लेखन-वाचन का शिकवू नये, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

आज आमच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची आहे ती मुलांच्या राहण्याची व्यवस्था. वर्ग लेपेंच्या घरी भरे आणि गावोगावची मुले शहरातल्या खाणावळवजा वसतिगृहांत राहत. म्हणजे धडा संपला तरी खुणा थांबत नसत. जेवताना, खेळताना, भांडताना मुले एकमेकांशी बोलत राहत. आमच्या या मुलालाही अशाच एका घरात ठेवले. त्याला नाव मिळाले : जोसेफ.

भाषा हाती येऊ लागली तशा त्याच्या आठवणीही बाहेर येऊ लागल्या. मोठे घर होते, बहीण होती, वडील वारले होते. मग कोणीतरी घोड्यावर बसवून दूर नेले आणि सोडून दिले. लेपेंना वाटले, हा खानदानी घरातला मुलगा असणार. शोध घेता घेता सोलर नावाच्या सरदार घराण्याचा पत्ता लागला. त्या घरचा बहिरा मुलगा १७७४ च्या सुरुवातीला देवीच्या रोगाने वारल्याची नोंद होती. लेपेंचा तर्क असा की ती नोंद खोटी असून जोसेफ हाच तो वारस आहे. जोसेफला तुलूझ शहरी नेण्यात आले. काहींनी त्याला ओळखले, काहींनी साफ नाकारले. सोलरच्या मुलाला प्रवासाला घेऊन गेलेला काझो नावाचा कायद्याचा विद्यार्थी तुरुंगात पडला.

१७८१ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने जोसेफ हाच सोलर असल्याचे मान्य केले. प्रकरण पुढे चालू राहिले आणि १७९२ मध्ये तो निकाल फिरला. जोसेफ हा सोलर नव्हे, असे ठरले. अडचण तारखांची होती. जोसेफ रस्त्यावर सापडला त्यानंतरही सोलरचा मुलगा तुलूझमध्येच होता, असा पुरावा होता. लेपे तोवर हयात नव्हते. जोसेफ पुढे सैन्यात गेला व तेथेच मरण पावला, असे सांगतात.

लेपे लबाड नव्हते. मुलाला न्याय मिळावा ही त्यांची तळमळ खरी होती. मग चूक कोठे झाली? जोसेफच्या खुणांचा अर्थ लावणारे, प्रश्न विचारणारे आणि त्याच्या बाजूने लढणारे एकच गृहस्थ होते. ज्याला उत्तर हवेच आहे त्याला ते खुणांत दिसू लागते. आणि ज्याने आपल्याला पहिले शब्द दिले त्याला मूल सहसा नाही म्हणत नाही.

हीच चूक त्यांच्या अध्यापनातही दिसते. मुलांच्या मूळ खुणांना व्याकरण नाही, अशा समजुतीने त्यांनी फ्रेंच व्याकरणाप्रमाणे नव्या खुणा रचल्या. त्या पाहून मुले सुरेख फ्रेंच लिहीत, पण मनातले स्वतःहून लिहिताना अडखळत. पिएर देलोज या बहिऱ्या पुस्तक-बांधणी कारागिराने मात्र १७७९ मध्येच पुस्तक लिहून सांगितले होते की पॅरिसचे बहिरे लोक आपापसांत कोणत्याही विषयावर खुणांनी बोलतात. देलोज सात वर्षांचा असताना देवीने बहिरा झाला होता. तो ही भाषा शाळेत शिकला नाही, दुसऱ्या एका बहिऱ्या माणसाकडून शिकला. खुणांच्या भाषेला स्वतःची रचना असते हे भाषाशास्त्राने मानायला मात्र १९६० साल उजाडले. त्या वर्षी विल्यम स्टोको यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधल्या काळात, १८८० च्या मिलान परिषदेने शाळांतून खुणांना हद्दपार करण्याचा ठराव केला होता.

आज आपल्याला माहीत आहे की बहुतेक बहिरी मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. लहानपणी पूर्ण भाषा कानी वा डोळ्यांसमोर आली नाही, तर पुढे ती शिकणे फार कठीण जाते. म्हणून घरातून तुटलेल्या बहिऱ्या तरुणासाठी निवारा उभारताना खोली, जेवण आणि काम एवढ्याने भागत नाही. त्याच्या भाषेत बोलणारी माणसे त्या घरात हवीत आणि त्यांपैकी काही स्वतः बहिरी हवीत.

जोसेफला लेपेंनी घर दिले, भाषा दिली. हे ऋण मोठे आहे. पण त्याची गोष्ट त्यांनीच पुरी करून टाकली. आपल्या वर्गात न बोलणारे एखादे मूल असेल, तर त्याच्या वतीने उत्तर देण्याआधी आपण किती वेळ थांबतो?