दिनविशेष : १९ नोव्हेंबर
१९८२ : नवव्या आशियाई क्रीडा स्पर्धांचे दिल्लीत उद्घाटन झाले. त्यांतील शिडाच्या होड्यांच्या शर्यती मात्र मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ प्रकारात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. फायरबॉल ही डिंगी, म्हणजे केवळ वाऱ्यावर चालणारी लहान उघडी होडी असून, तिच्यावर एकजण सुकाणू व मोठे शीड सांभाळतो, तर दुसरा डोलकाठीला जोडलेल्या तारेच्या आधाराने काठाबाहेर झुकून कलणारी होडी स्वतःच्या वजनाने तोलून धरतो. पुढे तारापोर १९८४, १९८८ व १९९२ अशा सलग तीन ऑलिंपिक स्पर्धांत ‘४७०’ प्रकारात उतरले. सेंटिमीटरमधील लांबीवरून नाव पडलेल्या या होडीवरही दोघांचाच चमू असतो आणि तिन्ही वेळी त्यांचा साथीदार निराळा असल्याने दर वेळी नव्याने ताळमेळ साधावा लागला, हे त्यांच्या चिकाटीचे द्योतक होय. हा खेळ केवळ समुद्रकाठचा नाही, हे हैदराबादच्या हुसेनसागर तलावातील शर्यतींनी सिद्ध केले आहे; म्हणून काटेपूर्णा धरणाचा जलाशय लाभलेल्या बार्शीटाकळी तालुक्यातील विद्यार्थ्यांनीही तारापोर यांची कारकीर्द अवश्य अभ्यासावी.