दिनविशेष : ७ एप्रिल – जॅकी चॅन यांचा जन्म (१९५४)

मार्शल आर्टला जीवघेण्या कसरतींची आणि निखळ विनोदाची जोड देणारे अभिनेते-दिग्दर्शक जॅकी चॅन यांचा आज जन्मदिन. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या चॅन यांना आईवडिलांनी बालपणीच यू जिम-युएन यांच्या नाट्यशाळेत घातले. पेकिंग ऑपेराच्या या निवासी शाळेची शिस्त कडक होती. कोलांट्या, युद्धकला, गायन आणि अभिनयाची तालीम सुमारे दहा वर्षे चालली. सॅमो हंग, युएन बियाओ हे तिथलेच सोबती.

१९७८ च्या ‘ड्रंकन मास्टर’ने त्यांचे नाव झाले. ‘पोलीस स्टोरी’साठी (१९८५) ते मॉलमध्ये दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या उंच खांबावरून सरसर खाली घसरले. दिवे फटाफट फुटत गेले, तळहात भाजले. ‘आर्मर ऑफ गॉड’च्या युगोस्लाव्हियातील चित्रीकरणात झाडाची फांदी मोडून ते कोसळले. कवटीला तडा गेल्याने तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. तरीही त्यांनी कसरती सोडल्या नाहीत. फसलेले प्रयत्न ते चित्रपटाच्या शेवटी आवर्जून दाखवत. त्यामुळे पडद्यामागचे कष्ट जगाला कळले. २०१६ मध्ये त्यांना मानद ऑस्कर पुरस्काराने गौरवण्यात आले.