व्यवसायोपचाराचे शिक्षण : शाळेपासून चुलीपर्यंत



कोल्हापुरातला एखादा चप्पल करणारा कारागीर अर्धांगाच्या झटक्यातून बचावतो, घरी येतो. पण उजव्या हातात रापी काही धरवत नाही. अशा माणसाला पुन्हा त्याच्या कामाला बसवणारी जी विद्या, तिला व्यवसायोपचार म्हणतात. नावावरून धंदेशिक्षण वाटेल, पण तसे नव्हे. आंघोळ, वेणीफणी, जेवण, शेतातले काम, मुलाचे पाटीवर लिहिणे, असे माणसाचे रोजचे जे उद्योग, तेच इथे औषध आणि तेच साध्य.

ही विद्या शिकणारा विद्यार्थी शेवटच्या वर्षी कामाला खरोखर तयार झाला, असे केव्हा म्हणावे? याचे उत्तर तिच्या इतिहासातच सापडते.

१९१७ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी मूठभर मंडळींनी या विद्येची संस्था स्थापन केली. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे तिची गरज सर्वांना पटली. आपल्याकडे तिचे शिक्षण सुरू केले कमलाबाई निंबकर यांनी. या मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. निंबकरांच्या घरी सून म्हणून आल्या, इथे संसार केला, आणि मग परत अमेरिकेत जाऊन फिलाडेल्फियाच्या शाळेत व्यवसायोपचार शिकल्या. १९५० साली त्यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात आशियातली पहिली व्यवसायोपचार शाळा काढली. १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच साली जागतिक महासंघ स्थापन झाला, त्याच्या दहा संस्थापक देशांत आपला देश होता. १९५८ साली नागपुरातही शाळा निघाली.

यातला क्रम ध्यानात घ्या बरं का. बाईंनी आधी इथले घर पाहिले, मग शाळा काढली. परदेशी पुस्तकात उंच ओटा नि टेबल-खुर्ची असते. आपल्याकडे विळी जमिनीवर, चूल जमिनीवर, जेवणही मांडी घालून. ज्याने हे पाहिले नाही, तो टेबलावर मणी ओवायला शिकवील. पण घरी गेल्यावर रोग्याला ताटावर बसता यायचे नाही.

म्हणूनच जागतिक महासंघाने असा दंडक घातला आहे की, विद्यार्थ्याने शिक्षणकाळात जाणत्याच्या देखरेखीखाली किमान १,००० तास प्रत्यक्ष काम करावे. महाराष्ट्रात चार वर्षांच्या अभ्यासानंतर सहा महिन्यांची उमेदवारी, अशी रीत बरीच वर्षे चालत आली. गुरुजनांना हे नवे नाही. वर्गात प्रत्यक्ष पाठ घेतल्याशिवाय कुणी शिक्षक होत नाही, तसेच हे.

पण नुसते तास भरून भागत नाही. कुष्ठरोगाने हात बधिर झाला की चटका कळत नाही. अशी बाई घरी जाऊन उकळते भांडे उचलते, फोड येतो, जखम चिघळते आणि शेवटी बोट गमावते. विद्यार्थ्याने एकच प्रश्न विचारला असता, "मावशी, भाकरी तुम्हीच करता का? तवा कशानं उतरवता?" आणि लाकडी मुठीचा सांडस वापरायची सवय लावली असती, तर ते बोट वाचले असते. हा प्रश्न सुचणे, हीच खरी तयारी.

आपल्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था स्थापन केली. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून काम करणाऱ्या. अपंग माणसाला दयेपेक्षा शिक्षण आणि रोजगार हवा, हे त्यांनी करून दाखवले. शिकाऊ व्यवसायोपचारकाला असे माणूस गुरूच्या जागी आहे.

२०२१ साली केंद्राने वैद्यकाशी संलग्न व्यवसायांसाठी कायदा केला, त्यात व्यवसायोपचारही आहे. कायद्याने शिक्षणाला शिस्त येईल; पण रोग्याचा उंबरठा किती उंच आहे, हे कायदा सांगणार नाही. तेव्हा असा एखादा विद्यार्थी तुमच्या गावी आला, तर त्याला ओसरीवर चहा पाजून परत धाडू नका. आत न्या, चूल, मोरी आणि विहिरीची वाट दाखवा. त्याचे शेवटचे वर्ष तिथे पुरे होईल.