वैमानिकाची उत्तरयात्रा

दुसऱ्या महायुद्धात शंभराहून अधिक मोहिमांवर बॉम्बफेकी विमाने नेऊन व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरलेले, आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवरील अणुस्फोट ब्रिटनचे निरीक्षक म्हणून आकाशातून पाहिलेले लिओनार्ड चेशायर तिशीच्या आतच लष्करी नोकरीतून मुक्त झाले, तेव्हा कीर्ती उदंड होती. जीवितहेतू मात्र अद्याप गवसावयाचा होता. तो गवसला १९४८ साली, हँपशायरमधील ‘ले कोर्ट’ या जुन्या वाड्यात, कर्करोगाने मरणपंथास लागलेल्या आणि जावयास दुसरे ठिकाणच नसलेल्या एका माणसाची स्वहस्ते शुश्रूषा करताना. त्याच वर्षी नाताळच्या पूर्वसंध्येस त्यांनी कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली. आधी रुग्णशय्या आणि मागून प्रार्थनामंदिर, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

त्या शुश्रूषेतूनच पुढे उभ्या राहिलेल्या ‘चेशायर होम’ या सेवागृहांचा आपल्या देशातील आरंभ ज्या मुंबईत, अंधेरीस झाला, त्याच मुंबईच्या कॅथलिक कॅथीड्रलात ५ एप्रिल १९५९ रोजी, युरोपातील युद्धपीडितांसाठी झटणाऱ्या स्यू रायडर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आणि उभयतांनी देहरादून येथे कुष्ठरोग्यांसह अनेक निराधारांची तजवीज करणारे ‘राफेल’ केंद्र उभारले. संसारात दोन अपत्ये आली; पण पतिपत्नींचे प्रापंचिक आणि पारमार्थिक दप्तर कधी वेगळे राहिले नाही. अखेरीस मज्जातंतूंच्या असाध्य व्याधीने चेशायर यांचेच हातपाय निकामी केले, आणि आयुष्यभर ज्यांची सेवा केली त्यांच्याप्रमाणेच परावलंबी होऊन, ३१ जुलै १९९२ रोजी त्यांनी देह ठेवला.