पिपचं कर्ज आणि जो लोहार

तर मंडळी, आज डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’. डिसेंबर १८६० पासून ती साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आली, आपल्या वेब सिरीजसारखीच.

पिप हा लोहाराच्या भट्टीवर वाढलेला अनाथ पोरगा. अचानक कुणाचा तरी पैसा येतो आणि तो लंडनला ‘जंटलमन’ व्हायला जातो. त्याला सांभाळणारा बहिणीचा नवरा, जो, भेटायला येतो तेव्हा पिपला त्याची लाज वाटते. जो बिचारा बावरतो, पिपला ‘सर’ म्हणतो, हॅट कुठे ठेवावी तेही त्याला सुचत नाही. इथे मला पिपचा खरंच राग येतो.

आणि तो पैसा? ऑस्ट्रेलियात हद्दपार केलेल्या कैद्याचा! (स्पॉयलर आहे, पण दीडशेहून जास्त वर्षं झालीत.)

पुढे पिप तापाने फणफणलेला, वर जवाहिऱ्याचे १२३ पौंड थकलेले. त्या काळी इंग्लंडात कर्जापायी तुरुंगात टाकायचे. १८२४ मध्ये डिकन्सचे वडील असेच आत गेले होते. त्याच सुमारास बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात कामाला लागला. कर्जाचा आकडा इतका नेमका येतो तो त्यामुळेच, असं मला वाटतं.

जो येतो, सेवा करतो. पिप सावरल्यावर एका सकाळी गुपचूप निघून जातो. मागे एक चिठ्ठी, आणि कर्ज फेडल्याची पावती.