घोडपदेव, प्लेग आणि सुईचे भय

1896 च्या भाद्रपद-आश्विनात मुंबईच्या मांडवीत प्लेगने डोके वर काढले, तेव्हा घोडपदेव, भायखळा, परळ या टापूतील गिरणीकामगारांस रोगापेक्षाही इस्पितळाचे भय अधिक वाटू लागले. ऑक्टोबरात महापालिकेने रोग्यांस जबरीने हलविण्याचा हुकूम काढला. त्याच सुमारास व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले, आणि त्या अपमानापोटी राणीने मुंबईकरांची काळजे मागविली आहेत, अशी वदंता चाळीचाळींतून पसरली. 29 ऑक्टोबरास सुमारे हजार कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली, आणि सरकारास हुकूम सैल करावा लागला. या लोकांस अडाणी म्हणून हिणविणे सोपे आहे. परंतु ज्या इस्पितळात गेलेला माणूस बहुधा परत येत नसे, त्याचा धसका घेण्यास अज्ञानाची गरज नव्हती.

भीतीवर हुकमत चालत नाही, हे ओळखणारा गृहस्थ परदेशी होता. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस सिद्ध केली व 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम ती स्वतःस टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, व ते बरे झाले. नंतर सहकारी स्वेच्छेने पुढे आले, आणि त्याच महिन्यात, घोडपदेवाहून फार दूर नसलेल्या भायखळ्याच्या कारागृहातील राजी असलेले बंदिवान. टोचून घेतलेल्यांत रोग कमी आढळला. शेजारच्या माझगावी ज्यांच्या आजोबांचा मकबरा आहे, त्या तरुण आगाखानांनी तर आपल्या खोजा अनुयायांच्या देखत, एकदा नव्हे, अनेकदा सुई घेतली. पाहणाऱ्यास ताप दिसे, त्यापाठोपाठ उतरलेला तापही दिसे. आणि आपल्यासारखाच माणूस टोचून घेऊन जिवंत राहतो, हा प्रत्यय शंभर जाहीरनाम्यांहून मोलाचा ठरे. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली सशास भिणाऱ्या पीटर नावाच्या बालकापाशी ससा थोडाथोडा जवळ आणून त्याचे भय घालविले, त्या पद्धतीशी या क्रमाचे साम्य आहे, इतकेच म्हणता येईल; शास्त्रीय उपचार तो नव्हता.

दुसरीकडे, फेब्रुवारी 1897 च्या साथरोग कायद्याच्या बळावर अंमलदार घराघरांत शिरू लागले, आणि मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यात दंगल उसळली. म्हणजे एकाच शहरात एक हात भय उतरवीत होता, व दुसरा ते वाढवीत होता.

लाभलेला विश्वासही फार नाजूक होता. 1902 साली पंजाबातील मलकोवाल येथे एका दूषित बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने दगावले आणि भयाला पुन्हा निमित्त मिळाले. हाफकिन यांच्यावर ठपका ठेवण्यास सरकारने विलंब केला नाही. तो काढण्यास मात्र 1907 साल उजाडले. त्यांच्या परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव 1925 मध्ये मिळाले.