मीठ-मोहरी आणि मेल्फॅलन

मस्टर्ड गॅसचा आणि आपल्या फोडणीतल्या मोहरीचा संबंध फक्त वासापुरता. जुलै १९१७ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मनांनी तो पहिल्यांदा वापरला. सैनिकांना मोहरीसारखा, लसणासारखा उग्र दर्प आला आणि हे नाव चिकटलं. अंगभर फोड, गेलेले डोळे, जळालेली फुप्फुसं हे सगळ्यांनाच दिसत होतं. न दिसणारी गोष्ट १९१९ मध्ये क्रुंभार नावाच्या अमेरिकन दांपत्यानं लिहून ठेवली: या वायूनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार घटतात, कारण हाडांच्या पोकळीतली, रक्त तयार करणारी मज्जाच मरते.

मंडळी, हा इतिहास मी खणत बसलो तो मावशीच्या एका प्रश्नामुळे. मेहकरच्या माझ्या मावसभावाला लिम्फोमा झाला होता. पहिल्या उपचारानं गेला, वर्षभरात परत आला. मग मुंबईला स्वतःच्याच स्टेम सेल्सचं ट्रान्सप्लांट ठरलं. निघायच्या आदल्या रात्री मावशीनं त्याची मीठ-मोहरीनं दृष्ट काढली, शारंगधर बालाजीचा अंगारा लावला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग, पोराले जहर देऊन राहिले का हे?"

जहरच. आणि तेही मोहरीच्याच नावाचं! हे तेव्हा तिला सांगणं मला जमलं नसतं. इथे सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात येल विद्यापीठातले लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन या वायूच्या भावंडावर, नायट्रोजन मस्टर्डवर, गुपचूप काम करत होते. (मेडिकलला असलेल्या भाच्यांनो, तेच ते जाडजूड पुस्तकवाले!) पांढऱ्या पेशी मारतो ना हा, मग पांढऱ्या पेशींचाच कॅन्सर असेल तर? ऑगस्ट १९४२, म्हणजे इकडे 'चले जाव' पेटलं होतं त्याच महिन्यात, त्यांनी लिम्फोमाच्या एका रुग्णाला ते शिरेतून दिलं. रेडिएशनला न जुमानणाऱ्या गाठी विरघळल्या. काही आठवड्यांत परत आल्या आणि डिसेंबरात तो माणूस गेला. युद्धाचं गुपित म्हणून ही हकीकत छापायला १९४६ उजाडलं. इटलीतल्या बारी बंदरात डिसेंबर १९४३ मध्ये मस्टर्ड बॉम्बनं भरलेलं जहाज बुडालं, त्यातून केमोथेरपी जन्मली, अशी गोष्ट सर्रास सांगतात. पण येलचा रुग्ण त्याच्या आधीचा.

त्याच काळात रावळपिंडीला ब्रिटिश शास्त्रज्ञ आपल्या सैनिकांना गॅस चेंबरमध्ये पाठवून, हिंदी कातडीवर मस्टर्डच्या जखमा गोऱ्या कातडीपेक्षा जास्त होतात का, ते मोजत होते. ही बातमी २००७ मध्ये वर्तमानपत्रात आली. असो.

१९५३ च्या सुमारास लंडनमध्ये बर्गेल आणि स्टॉक यांनी हेच मस्टर्ड एका अमिनो आम्लाला जोडलं. ते मेल्फॅलन. मावसभावाला जे चार औषधांचं मिश्रण द्यायचं होतं, त्याचं नाव बीम. सहा दिवसांत कारमुस्टीन, इटोपोसाइड, सायटाराबीन आणि सगळ्यात शेवटी, पेशी परत देण्याच्या आदल्या दिवशी, मेल्फॅलन.

आता इतका मोठा डोस का? तर डोस वाढवला की कॅन्सर जास्त मरतो, पण त्याआधी मज्जा मरते आणि माणूस जंतुसंसर्गानं किंवा रक्तस्रावानं जातो. यावरची युक्ती मावसभावानंच मावशीला समजावली. त्याचं कृषी केंद्र आहे, त्यामुळे भाषा दुकानाची. "आई, तणनाशक डबल मारलं त तणासंगं सोयाबीन बी जळते. म्हून घरचं बियाणं अदुगर काढून ठेवायचं, मंग रान जाळायचं, मंग पेरायचं." मी इतकी पुस्तकं चाळली, यापेक्षा सोपं कुठे सापडलं नाही.

बियाणं काढतात ते असं: इंजेक्शनं देऊन स्टेम सेल्स मज्जेतून रक्तात उतरवतात, मशीननं वेगळ्या करतात. वजनाच्या दर किलोमागे निदान वीस लाख तरी हव्यात. मग सहसा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात. बियाण्यात तणाचं बी राहू नये म्हणून आधी नेहमीच्या डोसच्या केमोनं रोग नमवावा लागतो. तो नमलाच नाही, तर पुढच्या खटाटोपाचा फायदा फारसा होत नाही.

मेल्फॅलनच्या वेळी नर्सनं त्याला बर्फ चघळायला लावला. तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं, फोड कमी येतात. तरी आलेच. पेशी परत दिल्या त्या दिवशी खोलीभर लसणासारखा वास. तो गोठवताना घातलेल्या डीएमएसओचा. पेशींचा आकडा शून्यावर गेला आणि अकराव्या दिवशी हलला. आज तो दुकानात बसतो आणि उधारीवरून भांडतो.

हे चालतं याचा भक्कम पुरावा १९९५ चा. ज्यांचा आक्रमक लिम्फोमा परत आला, पण केमोला नमला, अशा १०९ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. पाच वर्षांनी रोग न उलटता जगलेले: ट्रान्सप्लांटच्या गटात ४६ टक्के, नुसत्या केमोच्या गटात १२. निम्म्याहून जास्त लोकांना ट्रान्सप्लांटनंतरही रोगानं किंवा उपचारानं गाठलंच, हे मावशीला कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

आपल्याकडे पहिलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट २० मार्च १९८३ ला टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. ते रक्ताच्या कॅन्सरच्या नऊ वर्षांच्या मुलीचं होतं, आणि मज्जा तिच्या भावाची. लहानपणी पोलिओ झालेला हा डॉक्टर व्हीलचेअरवरून वॉर्डात फिरायचा.

आता नवं काही आलंय. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून तयार झालेल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये देशात परवानगी मिळाली. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना कॅन्सर ओळखायला शिकवून परत सोडतात. त्यांना जागा व्हावी म्हणून आधी दोन औषधं देतात. त्यातलं एक सायक्लोफॉस्फमाइड, १९५८ मध्ये जर्मनीतून आलेलं. तेही नायट्रोजन मस्टर्डच.